वऱ्हाडांतील सुईण व तिच्या कामाचें माप

अमरावतीहून नागपूरच्या सडकेनें निघालें म्हणजे तिवशाच्या अलीकडे गुरुकुंज मोझरी लागतें. मोझरी हें मूळचें शेतकऱ्यांचें गांव; राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं येथें आश्रम स्थापन केल्यापासून तें गुरुकुंज या नांवानें साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झालें. ह्या टापूंत संशोधक येतात ते बहुधा रिद्धपूरच्या महानुभाव पोथ्यांसाठीं, किंवा एखाद्या देशमुख-देशपांड्याच्या वाड्यांत वतनी कागद मिळतील या आशेनें. आम्हीहि त्याच वाटेचे वाटसरू आहों. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय वेगळा आहे. ज्या कामावांचून या टापूंतील एकहि वतन दुसऱ्या पिढीच्या हातीं पडलें नसतें, त्या बाळंतपणाच्या कामाचा, तें करणाऱ्या स्त्रियांचा, आणि एकेकीच्या वांट्यास तें किती येत असे व आज किती येतें याचा आम्हांस येथें विचार करावयाचा आहे. विषय त्रैमासिकाच्या वाचकांस नवखा वाटेल. पण दप्तराच्या दृष्टीनें तो आपलाच आहे. कारण ह्या कामाचें ओझें किती होतें हें आज नेमकें सांगतां येत नाहीं, आणि तें न येण्याचें कारण, तें लिहून ठेवण्यास कोणत्याच कागदांत जागा नव्हती.

गांवगाड्याच्या कागदांपासून आरंभ करूं. बारा बलुतेदारांच्या याद्या प्रांतोप्रांतीं थोड्याफार फरकानें आढळतात. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, जोशी, गुरव हीं नांवें बहुतेक सर्वत्र. कोठें मुलाणा येतो, कोठें सोनार. अलुत्यांत तेली, तांबोळी, माळी, जंगम, शिंपी, गोंधळी, घडशी वगैरे मंडळी. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत दिलेली यादी घ्या, किंवा त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाड्या’त केलेली बारीक छाननी घ्या, सुईण ही स्वतंत्र हक्कदार म्हणून ना बलुत्यांत, ना अलुत्यांत. वाजंत्री वाजविणाऱ्या घडशास गांवांत हक्क होता, नाळ कापणारीस नव्हता. हें काम बहुधा मांगाच्या किंवा न्हाव्याच्या घरांतील पोक्त स्त्री करी, आणि तिचें काम तिच्या नवऱ्याच्या बलुत्यांत बुडून जाई. तिला जें मिळे तें बाळंतिणीच्या घरीं मिळे: पांचवीच्या दिवशीं सुपांत ज्वारी, वर नारळ, ऐपत असल्यास लुगडें-चोळी, आणि मुलगा झाला असल्यास कांहीं अधिक. बलुतें खळ्यावर चारचौघांसमक्ष मोजलें जाई; म्हणून त्यावरून तंटे झाले, तंट्यांचे महजर झाले, आणि ते महजर आज आपण जपून ठेवतों. सुपांतील ज्वारीवरून महजर होत नाहीं. हक्कासाठीं भांडण न होणें हें इतिहासाच्या दृष्टीनें केवढें दुर्दैव आहे, हें रुमाल सोडून बसणारासच कळेल.

सुईण या शब्दाचें सूति, सूतिका यांच्याशीं असलेलें नातें उघड आहे. दाई हा फारसी दाया शब्दापासून आला. वऱ्हाड दीर्घकाळ इमादशाही, मोंगल व निजाम यांच्या अमलांत असल्यामुळें तेथें दोन्ही शब्द जोडीनें नांदतात. परंतु शब्दाहून महत्त्वाचा असा एक जुना आधार येथें नमूद केला पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत, दहाव्या अध्यायांत, प्रसूतीच्या वेळीं चार स्त्रिया जवळ असाव्या असें सांगितलें आहे. त्या वयानें पोक्त, प्रसूतिकर्मांत कुशल, जिच्यासाठीं यावयाचें तिला ज्यांचा संकोच वाटणार नाहीं अशा, व नखें कापलेल्या असाव्या. नखांचा उल्लेख वाचून आजचा डॉक्टरहि मान डोलवील. आम्हांस मात्र त्यांतील आंकडा अधिक मोलाचा वाटतो. गांवास किती, हजार वस्तीस किती, असें तेथें मोजलेलें नाहीं. एका बाळंतपणास चार हात-जोड्या, असें तें माप आहे. हा नियम कितपत पाळला जाई तो प्रश्न निराळा. संपन्न घरापुरताच तो असावा असा तर्क कोणी केल्यास आमची हरकत नाहीं. पण मनुष्यबळ प्रसूतीवर मोजावें ही दृष्टि त्यांत स्वच्छ आहे. गुरुकुंजांत आयुर्वेद महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांस हा अध्याय परिचित असेल, आणि त्याच गांवच्या नर्सबाईचें काम आज कोणत्या मापानें मोजलें जातें हेंहि त्यांनीं पाहण्यासारखें आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत पदवीसाठीं प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. ग्रंथ होते म्हणून ग्रंथांतील शास्त्रावर लिहितां आलें. रोज काम करणाऱ्या सुइणीची वहीच नव्हती, तेव्हां तिच्या कामावर कोण लिहिणार?

अशी वही जेथें राहिली तेथें काय होतें याचीं दोन परदेशी उदाहरणें आहेत. हॉलंडांतील फ्रीसलंड प्रांतीं कातरिना श्राडर नांवाची सुईण १६९३ पासून १७४५ पर्यंत आपल्या बाळंतपणांची टिपणें ठेवीत होती. त्यांत तीन हजारांवर प्रसूति नोंदलेल्या आहेत. अमेरिकेंतील मेन प्रांतीं मार्था बॅलर्ड हिनें १७८५ ते १८१२ या सत्तावीस वर्षांत ८१६ बाळंतपणें केलीं, व तीं दिनचर्येच्या वहींत लिहिलीं. ती वही दीडशें वर्षांहून अधिक काळ क्षुल्लक समजून बाजूस पडली होती. लॉरेल थॅचर उलरिक या विदुषीनें १९९० सालीं तीवर ग्रंथ लिहिला, तेव्हां एका नदीकांठच्या वस्तीचा सारा व्यवहार, तेथील देणेंघेणें व बायकांचे श्रम उजेडांत आले. मार्थेची सरासरी वर्षास तीस बाळंतपणांची पडते, श्राडरची साठांच्या आसपास. इंग्लंडांत १९०२ च्या सुइणींच्या कायद्यानें नोंदणी आली, आणि त्याखालील नियमांनीं प्रत्येक सुईणीस आपल्या प्रसूतींची वही ठेवणें भाग पडलें. आपल्याकडे तलाठ्यानें, कोतवालानें, पाटलानें वह्या ठेवाव्या असे नियम झाले. सुईणीनें वही ठेवावी असें कोणास सुचलें नाहीं, आणि सुचलें असतें तरी तिला अक्षरओळख कोणी दिली होती?

१८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला व १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडला गेला. या अमलांत मोजदाद आली. वऱ्हाड-नागपुराकडे जन्ममृत्यूच्या ज्या जुन्या नोंदी कोतवाल बुक या नांवानें ओळखल्या जातात त्यांच्या नकला काढण्यासाठीं आज तहसील कचेरींत रीघ असते. कारण १९५० च्या पूर्वींची जात सिद्ध करण्यास त्यांचा उपयोग होतो. जन्माची तारीख, मूल मुलगा कीं मुलगी, बापाचें नांव, जात, गांव, इतका मजकूर आमच्या पाहण्यांतील नकलांत आढळतो. बाळंतपण कोणाच्या हातून झालें याचें कलम त्यांत नाहीं. खानेसुमारींत सुईण सांपडते खरी, पण एकटी सांपडत नाहीं. १९११ च्या व १९२१ च्या खानेसुमारींत धंद्यांचा जो तक्ता आहे त्यांत सुइणी, देवी टोंचणारे, कंपौंडर, परिचारिका व अंग रगडणारे या सर्वांचें मिळून एकच सदर केलेलें आहे. त्या सदराखालील आंकड्यांतून सुइणी किती हें वेगळें काढणें म्हणजे दळलेल्या पिठांतून ज्वारी व गहूं निवडण्यासारखें आहे. हें सदर वाचकांनीं लक्षांत ठेवावें, पुढें त्याचें काम पडेल.

राणीसरकारच्या काळीं दवाखान्यांच्या द्वारें स्त्रियांस वैद्यकीय मदत पोंचविण्याचा प्रयत्न झाला. लेडी डफरीन यांनीं १८८५ सालीं जो फंड उभारला त्याचें नांव अमरावतीकरांच्या तोंडीं आजहि आहे. तेथील जिल्हा स्त्री रुग्णालयास लोक डफरीन असेंच म्हणतात. १९०३ सालीं लेडी कर्झन यांनीं व्हिक्टोरिया स्मारक फंड काढला तो खास दायांच्या शिक्षणाकरितां. शिकवणीस येणाऱ्या दाईचा त्या दिवसाचा रोजगार बुडे, म्हणून तिला कांहीं वेतन द्यावें लागे. या फंडातर्फें १९१८ सालीं हिंदुस्थानांतील बाळंतपणाच्या स्थितीवर एक पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत ठिकठिकाणच्या डॉक्टरणींच्या हकीकती आहेत, आणि त्या हकीकतींत दाई दिसते ती बहुतेक आरोपीच्या जागीं उभी. मळकट हात, गंजका विळा, कोंदट खोली. हे दोष खरे होते, व त्यांनीं जीव गेले हेंहि खरें. पण त्या हातांवर वर्षास किती बाळंतपणें पडत, एका रात्रीं दोन घरचीं बोलावणीं आलीं म्हणजे ती काय करी, हें विचारण्याची कोणास फारशी गरज भासली नाहीं.

१९४३ च्या आक्टोबरांत सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९४६ सालीं अहवाल सादर केला, त्यांत मात्र साऱ्या देशासाठीं सुइणींचा हिशेब मांडलेला आढळतो. शिकलेल्या सुइणी देशांत अवघ्या ५,००० च्या सुमारास, म्हणजे ६०,००० लोकांमागें एक, असें समितीनें धरलें. बाळंतपणाशीं संबंध असलेल्या कारणांनीं दरसाल सुमारें दोन लाख स्त्रिया मरतात असा तिचा अंदाज होता. पुढील ध्येय म्हणून १०० जन्मांमागें एक सुईण, एकूण एक लाख सुइणी, हें प्रमाण तिनें ठरविलें. येथें माप पुन्हा जन्मांवर आलें. तथापि त्याच अहवालाच्या अल्प मुदतीच्या योजनेंत ४०,००० वस्तीच्या प्राथमिक घटकास दोन डॉक्टर, एक परिचारिका, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुइणी व चार शिकविलेल्या दाया अशी नेमणूक आहे. जन्माचें प्रमाण दर हजारीं चाळीस धरलें, आणि त्या काळच्या वऱ्हाडास तें अधिक नव्हे, तर ४०,००० वस्तींत वर्षास १,६०० बाळंतपणें होतात. चार सुइणींत वांटलीं तर एकीस ४००. दायांसह आठ जणींत वांटलीं तर २००. शंभराचें माप ज्या अहवालांत सांगितलें त्याच अहवालांत दुपटीचें व चौपटीचें ओझें लिहिलें गेलें. समितीस हें दिसत नव्हतें असें मुळींच नाहीं. हातीं माणसें नव्हतीं, म्हणून आधीं वस्ती धरून केंद्र बसवावें आणि मग माणसें वाढवावीं, असा तो क्रम होता.

पुढें जें घडलें त्यांत हा क्रम अर्ध्यावरच थांबला. २ आक्टोबर १९५२ रोजीं समूहविकासाची योजना सुरू झाली. वऱ्हाड त्या वेळीं नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेश राज्यांत होता. एका गटास एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याखालीं तीन उपकेंद्रें, आणि सर्व मिळून चार सुइणी, अशी मांडणी होती. गटाची वस्ती साठ हजारांपासून एक लाखापर्यंत. म्हणजे एका सुईणीस पंधरा ते पंचवीस हजार वस्ती, आणि चाळिसाच्याच प्रमाणानें वर्षास ६०० ते १,००० बाळंतपणें. दिवसास दोन-तीन, तींहि पांच-दहा कोसांच्या अंतरावरील निरनिराळ्या गांवीं, आणि पावसाळ्यांत पाय रोवला तर जोडा आंतच राहील अशा काळ्या जमिनींतून! हें कोणाही मनुष्याच्या शक्तीबाहेरचें आहे. मग तीं बाळंतपणें झालीं कोणाच्या हातून? ज्वारीचें सूप घेणाऱ्या जुन्या सुईणीच्याच हातून. सरकारी तक्ता त्या काळीं पुरा पडला तो तक्त्यांत नसलेल्या बाईच्या जिवावर. आमच्या मतें वऱ्हाडांतील, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रांतील, ग्रामीण आरोग्यव्यवस्थेच्या इतिहासांत ध्यानांत घेण्याची मुख्य गोष्ट हीच आहे. प्रत्येक वेळीं किती माणसें नेमावीं हें ठरवितांना ही बाई मनांतल्या मनांत गृहीत धरली गेली, आणि कागदावर मात्र कधीं उतरली नाहीं.

योगायोगानें याच सुमारास, १९५५ सालीं, मोझरीहून ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. तिच्या ४१ अध्यायांत एक सबंध अध्याय ग्राम-आरोग्यास दिलेला असून, दवाखान्यांच्या वाढीपेक्षां रोग होऊंच नये अशी राहणी राखण्यावर तिचा भर आहे. गटाचें आरोग्य केंद्र आणि ग्रामगीता हीं दोन्हीं एकाच दशकांत एकाच मुलखापुढें आलीं. एकाची भाषा लोकसंख्येच्या आंकड्यांची, दुसरीची घरादाराच्या रीतीभातीची. दोहोंचा मेळ कोणीं कितपत घातला हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

नवी सरकारी सुईण तयार करण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम १९५१ सालीं पंजाबांतील तरणतारण येथील सेंट मेरी रुग्णालयांत सुरू झाला व तेथून देशभर पसरला. तिचें पूर्ण नांव सहाय्यक परिचारिका प्रसाविका. गांवकऱ्यांनीं तें सोडून नर्सबाई म्हटलें. १९७३ सालीं कर्तारसिंग समितीनें निरनिराळ्या रोगांसाठीं निरनिराळे कामगार ठेवण्याऐवजीं बहुउद्देशीय कामगार असावे असें सुचविलें. तीन ते साडेतीन हजार वस्तीस एक पुरुष व एक स्त्री, असा तिचा आराखडा. सुईणीच्या वांट्याची वस्ती त्यानें एकदम खालीं आली, हा मोठाच लाभ; पण त्याबरोबर तिचें नांव गेलें. ती आरोग्य सेविका झाली, आणि प्रसाविका हा शब्द तिच्या पदनामांतून गळाला. १९७७ मध्यें अभ्यासक्रम दोन वर्षांचा दीड वर्षावर आला. लस टोंचणें, कुटुंबनियोजनाचीं उद्दिष्टें पुरीं करणें, तापाचे रक्तनमुने घेणें, वजनें करणें, व या सर्वांच्या वह्या भरणें हीं कामें तिच्याकडे आलीं. १९११ च्या खानेसुमारीनें सुईण व देवी टोंचणारा यांना एका सदरांत घातलें होतें. साठ वर्षांनीं सरकारनें दोघांना एका देहांत घातलें.

सत्तरीच्याच दशकांत गांवोगांवच्या दायांस शिकविण्याची मोठी योजना निघाली. हजार वस्तीस एक शिकलेली दाई हें तिचें ध्येय. तीस दिवसांची शिकवण, शिकवणीच्या काळांत विद्यावेतन, आणि शेवटीं पाते, दोरा, साबण यांची पेटी. पुढें तिनें केलेल्या प्रत्येक प्रसूतीची नोंद उपकेंद्रांत झाल्यास तिला १० रुपये द्यावयाचे, असाहि नियम होता. आमच्या वाचकांस या दहा रुपयांत रस वाटावा. कारण बलुत्याच्या यादींत, कोतवाल बुकांत, खानेसुमारींत जिचें नांव कधीं आलें नाहीं, तिचें नांव, गांव, अंगठा व बाळंतपणांची संख्या या दहा रुपयांच्या पावत्यांवर प्रथम उमटली. वऱ्हाडांतील सुईणीच्या कामाचें माप जन्मांच्या संख्येवर दाखविणारा कागद म्हणून कोठें असेल तर तो हाच. दहा रुपयांची पावती ही महजराइतकी भारदस्त वस्तु नव्हे, म्हणून ती रद्दींत गेली असल्यास नवल नाहीं.

२००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें कुशल प्रसूति-सेवकाची व्याख्या केली, तींत पारंपरिक दाईस स्थान नव्हतें. २००५ सालीं आपल्याकडे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान व जननी सुरक्षा योजना आल्या, गांवोगांव आशा नेमल्या गेल्या, आणि प्रसूति दवाखान्यांत व्हावी असा सर्व बाजूंनीं रेटा सुरू झाला. त्याचें फळ स्पष्ट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत दवाखान्यांतील प्रसूतींचें प्रमाण २००५-०६ सालीं शेंकडा ६४.६ होतें तें २०१५-१६ त ९०.३ व २०१९-२१ त ९४.७ झालें. २०१८-२० या वर्षांचें मातामृत्यूचें प्रमाण महाराष्ट्रांत एक लाख जिवंत जन्मांमागें ३३ आहे. भोर समितीच्या काळच्या आंकड्यांशेजारीं हा आंकडा ठेवला म्हणजे केवढी मजल मारली तें कळतें, आणि तींत नर्सबाईचा वांटा कोणीं नाकारूं नये.

परंतु पूर्वींचा जो अबोल आधार होता तो याच वर्षांत निघून गेला. सुपाची सुईण म्हातारी झाली, तिच्या सुनेनें तो धंदा धरला नाहीं. तिचीं बाळंतपणें कोठें तरी जाणार. तीं प्राथमिक केंद्रांत, ग्रामीण रुग्णालयांत व डफरीनमध्यें गेलीं. नेमणुकीचें माप मात्र वस्तीवरच राहिलें: सपाट मुलखांत ५,००० वस्तीस एक उपकेंद्र, डोंगराळ व आदिवासी भागांत ३,००० वस्तीस, प्राथमिक केंद्र अनुक्रमें ३०,००० व २०,००० ला, आणि त्यावरील ग्रामीण रुग्णालय १,२०,००० व ८०,००० ला. त्यामुळें एक विचित्र स्थिति दिसते. २०२० सालीं महाराष्ट्रांतील जन्मप्रमाण दर हजारीं १५ होतें. त्या हिशेबानें ५,००० वस्तीच्या उपकेंद्रास वर्षास जेमतेम ७५ जन्म येतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं एका सुईणीमागें वर्षास १७५ प्रसूति हें प्रमाण धरलें होतें. त्याच्या निम्म्याहूनहि हें कमी. कागदावर पाहतां वऱ्हाडांतील सुईण आज इतिहासांत कधीं नव्हती इतकी मोकळी असली पाहिजे! प्रत्यक्षांत उपकेंद्रांतील सेविकेच्या हातीं बाळंतपण क्वचित् येतें व वह्या फार येतात; आणि जेथें बाळंतपणें एकवटलीं तेथें हात अपुरे पडतात.

हात किती लागतात याचा हिशेब अवघड नाहीं. प्रसूतिगृहांत दिवसरात्र एक तरी परिचारिका जागी हवी म्हटलें तर वर्षाच्या ३६५ दिवसांस तीन पाळ्यांप्रमाणें १,०९५ पाळ्या भराव्या लागतात. सुट्या, रजा व शिकवण्या वजा जातां एक परिचारिका वर्षास अडीचशें-दोनशें साठ पाळ्या करते. म्हणजे एक जागा अखंड भरण्यास चारांहून अधिक परिचारिका लागतात. २०१२ च्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत प्राथमिक केंद्रास तीन परिचारिका आवश्यक धरल्या आहेत, आणि महिन्यास वीस किंवा अधिक प्रसूति जेथें होतात तेथें चार. तिघींपैकीं एक रजेवर गेली कीं उरलेल्या दोघी बारा-बारा तास उभ्या. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयास दहा परिचारिका सांगितल्या आहेत. त्या पाळ्यांवर पसरल्या म्हणजे एका वेळीं दोन, फार तर मधूनच तीन. त्यांतच शस्त्रक्रियागृह, आंतररुग्ण, अपघात आणि प्रसूति. मध्यरात्रीं दोन बाळंतिणी एकाच वेळीं आल्या, आणि एकीस रक्तस्राव सुरू झाला, तर दुसरीजवळ कोण? वर्षाच्या सरासरींत हा प्रश्न दिसत नाहीं, कारण सरासरीस रात्र नसते.

या सरासरीस वऱ्हाडांतील आणखी दोन-तीन गोष्टी चकवितात. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची आपली चाल आहे. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रांत, प्रसूति माहेरच्या दवाखान्यांत, आणि सव्वा महिन्यानंतरच्या लसी पुन्हा तिसऱ्याच वहींत. तेव्हां वस्तीवरून काढलेला जन्मांचा अंदाज कोणत्याच केंद्राशीं जुळत नाहीं. दुसरें, जन्म बारा महिने सारखे वांटलेले नसतात. पावसाळा उतरतां उतरतां ते वाढतात, म्हणजे नेमके काळ्या मातीचे पांदणरस्ते मोडलेले असतात तेव्हां. तिसरें मेळघाटाचें. धारणी व चिखलदरा हे तालुके याच अमरावती जिल्ह्याचे. तेथील कोरकू मजूर कामासाठीं सपाटीवर उतरतात, त्यांच्या बायकाहि बरोबर असतात. आणि तीन हजारांच्या मापानें मेळघाटांत नेमलेल्या सेविकेच्या यादींतील गरोदर स्त्री पांच हजारांच्या मापाच्या मुलखांत येऊन बाळंत होते. डोंगराळ भागास वेगळें माप देतांना सरकारनें अंतराचा विचार केला, हें मान्य केलें पाहिजे. पण माणसें हलतात हा विचार त्यांत बसला नाहीं.

आतां कागदांकडे परत येऊं. १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्यापासून उपकेंद्रें व प्राथमिक केंद्रें त्यांच्याकडे आहेत, आणि ग्रामीण रुग्णालयें राज्य शासनाकडे. त्यामुळें एकाच गरोदर स्त्रीचा अर्धा कागद एका दप्तरीं, अर्धा दुसऱ्या दप्तरीं जातो. जन्मनोंदणीचा प्रकार तर याहून नमुनेदार आहे. १९६९ च्या कायद्याखालील जन्माच्या सूचनापत्रांत प्रसूतीच्या वेळीं मदत कोणाची होती, डॉक्टरची, परिचारिकेची, दाईची कीं नातेवाइकांची, हें विचारणारें कलम अखेरीस आलें. पण २००० सालापासून त्या पत्राचे दोन भाग झाले. नांव, तारीख, आईबाप व पत्ता हा कायदेशीर भाग निबंधकाच्या दप्तरीं बांधून ठेवावयाचा. आणि हें कलम पडलें सांख्यिकी भागांत, जो तोडून बेरजेसाठीं वरच्या कचेरींत पाठवावयाचा. बेरीज झाली म्हणजे त्या तुकड्यांचें काम संपलें. कोतवाल बुकांत जें नव्हतें तें शंभर वर्षांनीं पत्रावर आलें, आणि पत्राच्या फाडून देण्याच्या बाजूस आलें.

२०१८ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें प्रसाविकांच्या सेवेविषयीं मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. परिचारिकेस प्रसूतिकर्माचें अठरा महिन्यांचें जादा शिक्षण देऊन स्वतंत्र प्रसाविका तयार करावी, व साध्या प्रसूति तिच्या देखरेखीखालीं व्हाव्या, अशी त्यांत योजना आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीं पदनामांतून गेलेला शब्द परत आला, हें चांगलें झालें. या नव्या प्रसाविकेस वस्तीवर मोजणार कीं बाळंतपणांवर, यावर सारें अवलंबून आहे. आणि बाळंतपणांवर मोजावयाचें तर मागील आंकडे हवेत.

ते आंकडे अद्याप पुरते नाहींसे झालेले नसावेत. जुन्या उपकेंद्रांच्या प्रसूतिनोंदींच्या वह्या, दायांच्या दहा रुपयांच्या पावत्यांचे गठ्ठे, निवृत्त परिचारिकांच्या घरच्या दैनंदिन्या, दाई-प्रशिक्षणाचीं प्रमाणपत्रें, इतकेंच काय, पत्र्याच्या त्या पेट्याहि तिवसा, मोर्शी, चांदूर या तालुक्यांतील घरांच्या माळ्यावर असण्याचा संभव आहे. आमच्या वाचकांपैकीं जे पोथ्यांच्या शोधांत रिद्धपूर-मोझरीकडे फिरतात त्यांस विनंति कीं, असें साहित्य दृष्टीस पडल्यास निदान त्याची यादी करून मंडळाकडे पाठवावी. वहींत स्त्रियांचीं नांवें व त्यांच्या खाजगी प्रकृतीचा मजकूर असतो. तो छापण्यासाठीं नसून मोजण्यासाठीं आहे, हें ज्यांच्या घरून वही मागावयाची त्यांस आधींच सांगावें, आणि नकल करतांना नांवांचा रकाना सोडून फक्त महिना, वेळ दिवसाची कीं रात्रीची, गांव, व बाळंतपण कोणीं केलें एवढेच रकाने उतरून घ्यावेत.